मुलगी बरी आहे, वाढते आहे

साथीच्या दुसऱ्या वर्षी, नेदरलँड्समध्ये कापेल आन डेन आयसेल या गावातल्या आमच्या फ्लॅटच्या दाराच्या मुठीला एके सकाळी सुपरमार्केटची एक पिशवी लटकलेली होती. आत कपड्यात गुंडाळलेली जुनी पत्रं आणि मोठ्या अक्षरातली चिठ्ठी: ‘तुला दुसऱ्यांनी लिहिलेलं वाचता येतं असं तुझी बायको म्हणाली.’

शेजारच्या बाईंची होती ती. त्या मूळच्या स्कॉटलंडच्या. एका डच खलाशाशी लग्न करून इकडे आल्या, खलाशी वारला, बाई राहिल्या. वय ऐंशीच्या पुढे, डोळ्यांच्या मधोमध काळा ठिपका आलेला. कडेकडेचं दिसायचं, समोरचं नाही. मी एका बँकेच्या जुन्या संगणक प्रणालीवर काम करतो. म्हणजे वीस-तीस वर्षांपूर्वी कुणीतरी घाईत लिहिलेला मजकूर वाचायचा आणि त्या निवृत्त झालेल्या माणसाच्या मनात काय होतं याचा अंदाज करायचा. बायकोने बाल्कनीतल्या गप्पांत याचं काय वर्णन केलं असेल कोण जाणे, पण बाईंचा समज झाला की मी दफ्तरखान्यातला माणूस आहे.

पत्रं त्यांच्या पणजोबांच्या भावाची. हा गडी हातमागावरचा विणकर. गिरण्या आल्या, माग बंद पडले, तेव्हा बायको आणि चार वर्षांची मुलगी घेऊन न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाला गेला. तिथे स्कॉटिश चर्चच्या लोकांनी धर्मनिष्ठ, कष्टाळू, दारू न पिणाऱ्या माणसांची नवी वसाहत काढली होती. कागदावर रस्त्यांना नावंसुद्धा देऊन झाली होती. प्रत्यक्षात तिथे चिखल होता. मागे गावात म्हातारी आई आणि थोरला भाऊ राहिले. बाई त्या भावाच्या वंशातल्या. म्हणून पत्रं त्यांच्याकडे.

ती आताच बाहेर निघाली, कारण वसाहतीच्या पहिल्या रहिवाशांच्या वंशजांचं एक मंडळ आहे. त्यांना स्मरणग्रंथ काढायचा होता. मंडळाने पाठवलेल्या तक्त्यात ‘पूर्वजाचे कार्य’ या मथळ्याखाली सहा ओळी कोऱ्या होत्या आणि ‘हालअपेष्टा’ या मथळ्याखाली दोन. बाईंना वाटत होतं, डोळे पुरते जायच्या आत एकदा काय ते लिहून टाकावं.

वाचन सोपं नव्हतं. टपाल वजनावर असे, त्यामुळे त्या काळची माणसं कागद आडवा भरून झाला की तोच फिरवून त्यावर उभं लिहीत. पान जाळीसारखं दिसे. मी फोटो काढून पडद्यावर मोठे करायचो, एक दिशा सोडवायचो, मग दुसरी. दुपारी जेवणाच्या सुटीत बाल्कनीत उभा राहून वाचून दाखवायचो. मधे दुधी काचेची आडभिंत, खांद्याएवढी. बाई पलीकडे खुर्चीवर, गुडघ्यावर घोंगडी. आमचं बोलणं इंग्रजीत चालायचं. त्या मधूनच डच शिव्या देत, त्यांना त्या जास्त समाधानकारक वाटत.

विणकराने आयुष्यात कुदळ धरली नव्हती. तिथे त्याला रस्ता फोडायच्या कामावर लावलं. पहिला हिवाळा त्यांनी माती लिंपलेल्या, वर गवत टाकलेल्या खोपटात काढला. पाऊस आला की अंथरुणावर ताडपत्री आणि ताडपत्रीवर बादली. हे मला कळलं ते तक्रारीतून नव्हे. तो लिहायचा, ‘आमचं छप्पर शेजाऱ्यांपेक्षा बरंच चांगलं आहे, एकाच जागी गळतं.’ पत्रं आईला लिहिलेली, आणि प्रत्येकाच्या शेवटी हेच असे: मुलगी बरी आहे, वाढते आहे. तुझ्यासारखेच तांबूस केस. तू पाठवलेले मोजे तिला अगदी बरोबर झाले.

“किती गोड,” माझी बायको आतून म्हणाली.

“मूर्ख होता,” बाई म्हणाल्या. “पण लिहायचा नेमाने. आमच्या घरात हा गुण टिकला नाही.”

एप्रिलच्या शेवटी साताऱ्याहून धाकट्या भावाचा फोन आला. आईबाबा दोघंही पॉझिटिव्ह. एका ठिकाणी दोन खाटा मिळाल्या नाहीत, म्हणून बाबा एका रुग्णालयात आणि आई दुसऱ्या. भाऊ दिवसभर स्कूटरवरून या दोन दारांमध्ये फिरत होता. भारतातून इकडे येणारी विमानं तेव्हा बंद होती. जाता आलं असतं. परत कधी येता येईल हा प्रश्न होता. तो प्रश्न खराच होता, पण मी त्याला खतपाणी घालून मोठा केला, हेही खरं.

बाबा अकराव्या दिवशी गेले. स्मशानात एकट्या भावाला येऊ दिलं. त्याने व्हिडिओ लावला, त्यात पांढऱ्या पोशाखातली चार माणसं दिसली आणि मग चित्र गोठलं. मी बराच वेळ त्या गोठलेल्या चित्राकडे पाहत बसलो. त्यात भावाचा अंगठा होता.

आई तेव्हा ऑक्सिजनवर. डॉक्टर म्हणाले, आत्ता सांगू नका. यात नवल काही नाही. आपल्याकडे आजाऱ्याला वाईट बातमी सांगायची नसते, परीक्षा असलेल्याला सांगायची नसते, परदेशातल्याला तर सगळं पार पडल्यावर सांगायचं. त्या उन्हाळ्यात महाराष्ट्रातल्या किती घरांत असं झालं असेल. आमच्या घरात फरक इतकाच की हे काम माझ्याकडे आलं.

“दादा, तूच बोल,” भाऊ म्हणाला. “मी तिच्यासमोर उभा राहिलो की मला रडू येतं. आणि तिला तुझंच पटतं. दादा खोटं बोलत नाही म्हणते.”

हे आईचं मत लहानपणापासूनचं होतं, आणि मी त्यावर अनेक सवलती उपटल्या होत्या. दुसऱ्या दिवशी मी तिला फोन करून सांगितलं: बाबांच्या घशात नळी आहे, बोलता येत नाही, आत फोन नेऊ देत नाहीत, पण डॉक्टर माझ्याशी रोज बोलतात.

“ह्यांना विचार, चहा देतात का सकाळी,” आई मास्कमधून म्हणाली.

“नळी आहे ना, आई.”

“मग चिडले असतील.”

“थोडे.”

हे ‘थोडे’ माझ्या तोंडातून कसं आलं मला सांगता येणार नाही. पण ते आलं आणि ती हसली. दुसऱ्या दिवशी मी आणखी एक तपशील घातला. आठवडाभरात बाबांची एक नर्ससुद्धा झाली, केरळची, शिस्तीची, बाबांना दटावणारी.

आमची मुलगी तेव्हा अकरा वर्षांची. तिला मराठी कळतं, उत्तर इंग्रजीत किंवा डचमध्ये येतं. मी फोन ठेवला तेव्हा ती दारात उभी होती.

“आजोबा डेड आहेत ना?”

“हो. पण आजीला एवढ्यात सांगायचं नाही. ती आजारी आहे.”

“बट शी इज हिज वाइफ,” ती म्हणाली. “इट्स हर न्यूज.”

तिला खोटं जमणार नाही हे उघड होतं. तेव्हापासून आजीचा फोन आला की तिची ऑनलाइन शाळा चालू असायची, रविवारीसुद्धा.

जूनच्या सुरुवातीला आई घरी आली. दहावं-तेरावं भावाने नदीकाठी उरकून घेतलं होतं. फोटो लावला नव्हता. गल्लीला ताकीद दिली होती. आता सांगायला हवं, असं भावाची बायको पहिल्या दिवसापासून म्हणत होती. डॉक्टर म्हणाले होते आणखी पंधरा दिवस जाऊ द्या, छाती अजून नाजूक आहे. मी ते पंधरा दिवस आनंदाने घेतले.

ते संपत आले त्या आठवड्यात मी पिशवीतलं शेवटचं पत्र सोडवलं. ते आईला नव्हतं, भावाला होतं. आई गेल्याचं कळलं, असं सुरुवातीला. मग पान फिरवून उभ्या ओळींत: आता ती नाही, म्हणून तुला सांगतो. मुलगी बोटीवरच गेली. सहाव्या आठवड्यात, गोवर आणि मग छाती. त्या आठवड्यात चार मुलं गेली. तिला शिडाच्या कापडात शिवलं. माझ्या बायकोने शिवलं, कारण खलाशी फार लांब टाके घालत होता. पहिलं पत्र पाद्री देवळात सगळ्यांसमोर वाचून दाखवणार हे मला माहीत होतं. पुढच्या बोटीने येणारी दोन घरं तिथे बसलेली असणार, आणि आई पहिल्या बाकावर. मला तिथे लिहिता आलं नाही. मग नंतरही येईना.

मी थांबलो. खाली कुणाचा तरी कुत्रा भुंकत होता.

“किती वर्षं?” बाईंनी विचारलं.

मी पत्रं तारखांप्रमाणे लावली होती. “नऊ.”

“नऊ वर्षं त्याने तिला वाढवलं.”

खरं तर त्याने वाढवलं नव्हतं. आता मागे जाऊन पाहिलं तर सगळं समोर होतं. नऊ वर्षांत मुलगी एकदाही शाळेत गेली नव्हती, आजारी पडली नव्हती, एकही शब्द बोलली नव्हती. फक्त केस तांबूस आणि मोजे बरोबर. त्या माणसाची कल्पनाशक्ती बेताची होती. मी पहिल्याच आठवड्यात केरळची नर्स उभी केली होती.

“मोज्यांचं परत वाच,” बाई म्हणाल्या. मी वाचलं. “दरवर्षी बरोबर होतात म्हणतो. आणि ते सातव्या वर्षीचं पत्र, बघ काय म्हणतो.”

सातव्या वर्षी तो म्हणत होता: मोजे पहिल्या जोडाएवढेच आहेत, तरी होतात.

“म्हातारीला माहीत होतं!” बाई काचेवर बोट आपटत म्हणाल्या. “अकरा वर्षांच्या मुलीला चार वर्षांच्या मुलीचे मोजे कोण विणतं? तिला कळलं होतं. ती त्याला सांभाळून घेत होती.”

मला ते फार आवडलं. एरवी मी अशा गोष्टींवर विश्वास ठेवणारा नव्हे. म्हातारीला आठवणीतलं माप होतं, किंवा तिच्याकडे एकच नमुना होता, किंवा लोकर कमी होती. मला त्या क्षणी अशी चार कारणं सुचायला हवी होती. सुचली नाहीत. त्याऐवजी मी माझ्या आईबद्दल विचार करू लागलो. घरी आल्यापासून तिने बाबांना डबा पाठवायचं नाव काढलं नव्हतं. त्यांच्या चष्म्याबद्दल विचारलं नव्हतं. ‘कधी सोडणार’ हे तर आठवडाभर विचारलं नव्हतं. मी भावाला फोन केला.

“आईला कळलंय,” मी म्हणालो. “ती आपल्याला सांभाळते आहे.”

“तुला कसं कळलं?”

मी त्याला डबा आणि चष्मा सांगितला. मोजे सांगितले नाहीत.

तो म्हणाला, “परवा वटपौर्णिमा आहे. तिने वडाची फांदी आणायला सांगितलीय. काय करू?”

मागून त्याच्या बायकोचा आवाज आला, “दादा, आज सांगून टाका. त्या बाबांसाठी उपास करणार आहेत. असं नाही हो करू देता येत.”

“तिला करायचं असेल तर करू दे,” मी म्हणालो. “तिची पद्धत असेल ती.”

“मग तुम्ही इथे येऊन उभे राहा,” ती म्हणाली आणि बहुधा खोलीतून निघून गेली.

वटपौर्णिमेला त्यांनी व्हिडिओ लावला. कुंडीत वडाची फांदी खोचली होती. आईने लग्नातल्यासारखी नाही, पण बरी साडी नेसली होती, कपाळाला कुंकू. ती इतकी वाळली होती की बांगड्या कोपरापर्यंत मागे जात होत्या. फांदीभोवती सूत गुंडाळताना दोनदा खुर्चीवर बसली. भावाची बायको तिच्या शेजारी उभी होती, पण पूजेचं तबक तिने हातात घेतलं नाही. सातवा फेरा झाल्यावर आईने कॅमेऱ्याकडे पाहिलं.

“ह्यांना सांग, उपास केलाय म्हणावं. डॉक्टर नको म्हणत होते तरी केलाय.”

मी म्हणालो, “सांगतो.”

तिच्या चेहऱ्याकडे मी नीट पाहिलं होतं. मला तिथे जे दिसायला हवं होतं तेच दिसलं.

त्यानंतर तीन दिवसांनी बाबांचे कचेरीतले एक जुने मित्र फाटकाशी आले. ते स्वतः महिनाभर आजारी होते, मुलीकडे पुण्याला होते, गल्लीची ताकीद त्यांच्यापर्यंत पोचली नव्हती. आई अंगणात उन्हात बसली होती. ते कमी ऐकतात, त्यामुळे मोठ्याने बोलतात.

“वहिनी, फार वाईट झालं. मला तेराव्यालाही येता आलं नाही.”

भाऊ सांगतो, आईने त्यांना आधी बसा म्हटलं. पाणी आणायला सांगितलं. मग विचारलं, “कुणाच्या तेराव्याला?”

तिला काहीही माहीत नव्हतं. डब्याचं नाव तिने काढलं नाही, कारण नळी असलेल्या माणसाला डबा कशाला, हे मीच सांगितलं होतं. चष्म्याचंही तेच. ‘कधी सोडणार’ विचारायचं तिने सोडलं, कारण विचारलं की मुलं कावरीबावरी होतात, तर काहीतरी नीट नाही एवढं तिला कळलं होतं आणि ती त्यासाठीच उपास करत होती.

दुसऱ्या दिवशी तिने मला फोन केला. रडत नव्हती.

“मी म्हटलं, ह्यांना सांग. तू काय म्हणालास?”

उत्तर तिनेच दिलं.

“सांगतो म्हणालास. कुणाला सांगणार होतास रे?”

“आई, डॉक्टरांनी—”

“डॉक्टरांना मी जन्म दिला नाही.” मग, “कपाळाला कुंकू लावून वडाला सूत गुंडाळत होते मी. आणि तुम्ही सगळे बघत होतात. फोनमधून बघत होतात.”

तिने हुकूम काढला. आपल्याला कळलं त्या दिवसापासून दहा दिवस सुतक, सगळ्यांनी. भावाने धीर करून म्हटलं की गुरुजी म्हणतात इतक्या उशिरा कळलं तर तीनच दिवस, आणि आपलं तर झालेलं आहे.

“गुरुजींना विचारलंत?” आई म्हणाली. “मला विचारलं होतं?”

मी कापेलमध्ये दहा दिवस पाळले. देवापुढे दिवा नाही, गोड नाही, दाढी नाही. बैठकीत साहेबांनी दाढीचं कौतुक केलं. बाल्कनीत बाईंनी विचारलं तेव्हा त्यांना सगळं सांगितलं, मोज्यांचं माझ्या डोक्यात काय झालं तेही. त्यांनी तोंडातल्या तोंडात एक डच शिवी दिली, बहुधा मला नव्हे.

“म्हातारीला माहीत होतं असं मानायची मला गरज होती,” त्या म्हणाल्या. “नाहीतर ती नऊ वर्षं आंधळ्यासारखी विणत होती. ते मला बघवेना.” मग म्हणाल्या, “किती दिवस आहे तुझं हे?”

“दहा. आईला कळलं त्या दिवसापासून.”

“आमच्या म्हातारीला एक दिवससुद्धा मिळाला नाही.”

मंडळाचा तक्ता आम्ही त्याच आठवड्यात भरला. ‘कार्य’च्या सहा ओळींत बाईंनी एकच लिहायला लावली: रस्ता फोडला. हालअपेष्टांच्या दोन ओळी मुलीला पुरल्या नाहीत, म्हणून वेगळा कागद जोडला. तीन आठवड्यांनी अतिशय सौजन्याचं उत्तर आलं. मजकूर हृदयस्पर्शी आहे, परंतु ग्रंथाचा सूर गौरवाचा असल्याने जोडपत्र घेता येणार नाही. सोबत नमुना म्हणून दुसऱ्या एका पूर्वजाचं पान होतं. त्याच्या बायकोमुलांबद्दल लिहिलं होतं की ती सर्व सुखरूप पोचली. बाईंनी मला ते दोनदा वाचायला लावलं, आणि दुसऱ्यांदा झाल्यावर म्हणाल्या, “ह्यांचीही पत्रं कुणीतरी बघायला हवीत.”

आईची छाती सुधारली. ती आता फाटकापर्यंत जाऊन येते. पुढच्या हिवाळ्यात मी गेलो, दीड महिना राहिलो. तिने माझ्या आवडीचं सगळं केलं, शेजारी बसून वाढलं. बाबांबद्दल ती भावाशी बोलते, त्याच्या बायकोशी पुष्कळ बोलते. माझ्याशी हवापाण्याबद्दल.

रविवारी मी फोन करतो. ती विचारते, बरा आहेस का, आणि मी म्हणतो बरा आहे. नोकरी, मी म्हणतो चालू आहे. सूनबाईचं पाठीचं दुखणं, मी म्हणतो थांबलं. ती सगळं शांतपणे ऐकून घेते.

“बरं,” ती म्हणते. “आता नातीला दे फोन.”

मुलगी फोन घेऊन तिच्या खोलीत जाते आणि दार लावते. आतून तिचं मोडकं मराठी ऐकू येतं. मला विचारलेल्याच एकेका प्रश्नाला ती थांबून, विचार करून उत्तर देते.